नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी: घरातले उपकरण बंद पडले तर काय करावे

बदली होऊन, शिक्षणासाठी किंवा मिहान या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या नोकरीसाठी नागपुरात आलेल्या माणसाचा पहिला हिवाळा बहुधा सुखाचा जातो, आणि घरातल्या वस्तूंची खरी परीक्षा एप्रिल लागला की सुरू होते. पुण्यात किंवा मुंबईत वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला फ्रिज इथे पहिल्याच मे महिन्यात मान टाकतो. यामागे तीन कारणे असतात. पहिले म्हणजे ४५ अंशांच्या आसपास टेकणारे ऊन, दुसरे बोअरच्या पाण्यातले क्षार आणि तिसरे विजेच्या दाबातला चढउतार. या तिघांपैकी नेमका कोणाचा हात आहे हे मेकॅनिकला फोन करण्याआधी ओळखता आले, तर निम्मा खर्च आणि बहुतेक मनस्ताप वाचतो, असा माझा अनुभव आहे. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे: आधी घरच्या घरी पाहणी, मग कागदपत्रे, मग मेकॅनिक, आणि एवढ्यावर न भागल्यास तक्रार.

वेळेबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मे महिन्यात, विशेषतः नवतप्याच्या, म्हणजे महिनाअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, या शहरात एसी आणि कूलरचा चांगला मेकॅनिक लगेच मिळणे कठीण असते, आणि कंपनीच्या सेवाकेंद्राकडून येणारी तारीखही पुढची असते. त्यामुळे थंड करणाऱ्या प्रत्येक वस्तूची तपासणी होळीच्या आसपास, म्हणजे मार्चमध्येच, करून घ्यावी. त्या दिवसांत तोच मेकॅनिक निवांतपणे येतो, नीट पाहतो आणि पैसेही रास्त घेतो.

पहिली पायरी: बिघाड वस्तूचा की विजेचा

उपकरण बंद पडले की आधी त्याच सॉकेटमध्ये दुसरी एखादी वस्तू, म्हणजे टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर, लावून पाहावी. ती चालली नाही तर दोष सॉकेटचा, वायरिंगचा किंवा पडलेल्या एमसीबीचा (जादा भार आल्यास वीज तोडणाऱ्या स्विचचा) असतो, आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियन लागतो, कंपनीचा माणूस लागत नाही. एमसीबी एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. मात्र तो लगेच पुन्हा पडत असेल तर जबरदस्तीने दाबून धरू नये, कारण तो पडतो आहे याचा अर्थ तो आपले काम करतो आहे. एकेका उपकरणाचा प्लग काढत गेल्यास कोणती वस्तू लावल्यावर एमसीबी पडतो ते पाच मिनिटांत कळते.

विजेचा दाब २३० व्होल्टच्या आसपास असावा अशी अपेक्षा असते. सॉकेटमध्ये लावायचे छोटे डिजिटल व्होल्टमीटर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते, आणि नव्या घरात राहायला गेल्यावर मी जी पहिली वस्तू घेतो ती हीच. संध्याकाळी सगळ्या घरांतले एसी एकदम सुरू झाले की दाट वस्तीत हा आकडा बराच खाली येऊ शकतो. अशा वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होण्यासाठी हुंकार देतो, ‘टक्’ असा आवाज होतो, तो थांबतो, आणि काही मिनिटांनी तेच पुन्हा घडते. फ्रिज बिघडला असे समजून मेकॅनिकला बोलावण्याआधी हा आकडा पाहावा. दाब कमी असेल तर फ्रिज बंद करून ठेवावा, आणि वीज जाऊन परत आल्यावरही तीन ते पाच मिनिटे थांबून मगच कॉम्प्रेसर असलेली वस्तू सुरू करावी, कारण आतल्या वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा होण्यास तेवढा वेळ लागतो.

याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा असतो. घरातले काही दिवे अचानक झगझगीत आणि काही मंद झाले, पंखे वेड्यासारखे फिरू लागले, तर बाहेरून येणारी न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब घरात शिरू शकतो आणि एका क्षणात टीव्ही, फ्रिज, राउटर सगळे जळते. धावत जाऊन मुख्य स्विच बंद करणे हाच एक उपाय असतो. त्यानंतर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. शेजाऱ्यांच्या वस्तूही जळल्या असतील तर सर्वांनी मिळून, जळलेल्या वस्तूंची छायाचित्रे आणि दुरुस्तीची बिले जोडून, लेखी अर्ज द्यावा. तिथे दाद मिळाली नाही तर महावितरणचा ग्राहक तक्रार निवारण मंच नागपुरात आहे. शहराच्या काही भागांचा वीजपुरवठा २०११ ते २०१९ या काळात खासगी फ्रँचायझीकडे होता. त्या काळातली नावे आणि क्रमांक जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजून येतात, त्यांवर विसंबू नये.

दुसरी पायरी: प्रत्येक वस्तूकडे आपल्या डोळ्यांनी पाहणे

सुरुवात कूलरपासून केली पाहिजे, कारण नागपुरात कूलर नसलेले घर शोधावे लागेल आणि बाहेरून आलेल्या माणसाला त्याची सवय नसते. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. इथल्या एप्रिल-मेमधली हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेल्या गवताच्या किंवा तशाच जाळीतून, आलेला वारा खरोखर थंड लागतो, आणि जूनच्या मध्यावर पाऊस आला की तोच कूलर दमट, चिकट वारा फेकू लागतो. तो कूलर बिघडलेला नसतो. हवेत आधीच ओलावा भरलेला असल्यामुळे पाणी उडून जाण्यास जागा उरलेली नसते, आणि कोणत्याही मेकॅनिकच्या हाताला त्यावर इलाज नाही.

भर उन्हाळ्यात कूलर थंड करीत नसेल तर आधी ताट्या पाहाव्यात. ताटीचा वरचा भाग ओला आणि मधला भाग कोरडा दिसत असेल तर पाणी सोडणाऱ्या नळीची भोके क्षारांनी बुजलेली असतात. बारीक तारेने ती मोकळी केली की काम होते. गवताची ताटी एका हंगामात दबून बसते, म्हणून ती दर वर्षी बदलावी. वाळ्याची ताटी महाग पडते, पण पहिल्या दिवशी येणारा सुगंध त्या पैशांचा असतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदी जाळी अनेक हंगाम टिकते, मात्र क्षाराच्या पाण्यात तीही पांढरी आणि दगडासारखी होते. पंप गुणगुणतो पण पाणी चढवत नाही, असे असल्यास तो टाकीतून काढून त्याची खालची जाळी उघडावी आणि आतला छोटा पंखा बोटाने फिरवून पाहावा. बहुतेक वेळा तिथे गवताची काडी किंवा क्षाराचा थर अडकलेला सापडतो. नवा पंप फार महाग नसतो, त्यामुळे जळलेला पंप दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. मोटर जोर लावते पण पंखा हळू फिरतो, किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, असे असेल तर बहुधा मोटरला सुरू होण्यास जोर देणारा कपॅसिटर गेलेला असतो. छताच्या पंख्यालाही हेच लागू आहे. तिथे साधारण २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि तो बदलला की पंखा पूर्ववत फिरू लागतो. त्यासाठी पंखा भंगारात देणाऱ्यांची संख्या मात्र कमी नाही.

आता कूलरच्या शॉकबद्दल, आणि इथे मी थोडा वेळ थांबणार आहे. पत्र्याचा कूलर, लोखंडी खिडकी, खाली ओली फरशी आणि टाकीत सोडलेला पाण्याचा पाइप, ही जुळणी माणसाचा जीव घेऊ शकते, आणि उन्हाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांतून येत असतात. नागपुरातल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी कूलर चालू ठेवूनच टाकीत पाणी भरायला लागलो, तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, “काय करून राहिले जी? आधी प्लग काढा न!” नुसते बटन बंद करून चालत नाही, कारण जुन्या घरांत बटन चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते आणि फेज तार कूलरपर्यंत जिवंत राहते. प्लग पूर्ण काढावा, पायात रबरी चप्पल असावी, आणि मगच पाणी भरावे. कूलरचा प्लग तीन पिनांचाच असावा आणि त्या घराला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे त्यामागे अर्थिंगची तार आहेच, असे समजू नये. टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावल्यावर लुकलुकला तर त्या दिवशी तो कूलर वापरायचा नाही. एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे करीत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज बाहेर गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, लागतो, आणि तो नसलेल्या भाड्याच्या घरात घरमालकाशी पहिले बोलणे याच विषयावर करावे. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करणेही याच यादीत येते, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

एसी थंड करत नाही ही तक्रार आली की मेकॅनिकच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘गॅस’. एसीमधला वायू पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतो आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. माझ्या घरच्या एसीत लागोपाठ दोन उन्हाळे गॅस भरला गेला आणि दोन्ही वेळा जूनपर्यंत हवा पुन्हा कोमट झाली. तिसऱ्या वर्षी एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी गॅसच्या टाकीला हातही न लावता बाहेरच्या यंत्राजवळ बसून पितळी नटाभोवती साचलेला तेलकट, धुळीने काळा झालेला डाग बोटाने पुसला, त्यावर साबणाचा फेस लावला आणि मला जवळ बोलावले. फेसातून मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे सावकाश वर येत होते. “काकाजी, गॅस कमी झाला हे सगळ्यांनी पाहिलं, तो जातो कुठून हे कोणी पाहिलंच नाही,” ते म्हणाले. त्यांनी नळीचे तोंड नव्याने तयार करून नट बसवला, आणि त्यानंतर चार उन्हाळे त्या एसीला गॅस लागलेला नाही.

म्हणून गॅस भरण्यास होकार देण्याआधी तीन गोष्टींचा आग्रह धरावा: गळती शोधून ती आपल्याला दाखवावी, ती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओलावा काढावा, आणि यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजन करून वायू भरावा. त्या पट्टीवर वायूचे नावही असते, आर-३२, आर-४१० ए किंवा जुन्या यंत्रात आर-२२, आणि एकाच्या जागी दुसरा भरता येत नाही. आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे, त्यामुळे जवळपास ज्योत पेटवण्याआधी नळ्या रिकाम्या केल्या आहेत ना, हे विचारण्यात संकोच नको.

मात्र गॅसपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच यायला हवी. आतल्या यंत्राची जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावी. बाहेरच्या यंत्राच्या पट्ट्यांवर नागपूरची धूळ आणि कापसासारखा मळ जाड गादीसारखा बसतो, आणि तो पाण्याच्या फवाऱ्याने काढला की निम्म्या एसींची तब्येत सुधारते. भर दुपारी तीन वाजता एसी मध्येच थांबतो आणि संध्याकाळी आपोआप नीट चालतो, असे होत असेल तर बाहेरचे यंत्र कुठे बसवले आहे ते पाहावे. एसीची क्षमता ३५ अंश बाहेरच्या तापमानावर मोजलेली असते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर किंवा तापलेल्या गच्चीवर बसवलेल्या यंत्राभोवतीची हवा त्याहून कितीतरी गरम असते. त्यावर हवा खेळती राहील अशी सावली करणे हा मेकॅनिकपेक्षा स्वस्त उपाय आहे. नवा एसी घेताना तो किती तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवला आहे हे माहितीपत्रकात वाचून घ्यावे. नागपूरसाठी ४३ अंशांचा आकडा अपुरा आहे.

फ्रिजमध्ये वरचा कप्पा बर्फासारखा गार आणि खालचा भाग कोमट, असे विनाबर्फाच्या, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री प्रकारात दिसले तर आतल्या नळ्यांवर बर्फाचा डोंगर बसलेला असतो, कारण तो वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलेले असते. कॉम्प्रेसर शाबूत असतो, त्यामुळे ‘कॉम्प्रेसर बदलावा लागेल’ असे सांगणाऱ्याकडून दुसरे मत घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा. तो सहज सुटला तर रबर सैल झाले आहे. साध्या फ्रिजमधला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडण्याची चूक मात्र कधीही करू नये, कारण पातळ ॲल्युमिनियमच्या नळीला एक भोक पडले की पाच मिनिटांच्या उतावळेपणाची किंमत हजारांत मोजावी लागते.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू भरते ही तक्रार बेसा, बेलतरोडीसारख्या बोअरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या भागांत वारंवार ऐकू येते. नळाचा पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे एक बारीक जाळी असते. ती चिमट्याने काढून, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवून, ब्रशने घासून परत बसवावी. पाणी बाहेर जात नसेल तर समोरून कपडे टाकायच्या मशीनच्या खालच्या कोपऱ्यातले छोटे झाकण उघडावे. तिथे नाणी, बटणे आणि हेअरपिना सापडतात.

गिझर सुरू केला की आरसीसीबी पडतो, याचा अर्थ बहुधा कॉइल फुटून वीज पाण्याला लागते आहे असा असतो. तो गिझर दुरुस्त होईपर्यंत प्लग काढून ठेवावा. क्षाराच्या पाण्यात कॉइलवर थर चढतो, पाणी तापण्यास वेळ लागतो आणि बिल वाढते. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठी दिलेला असतो, आणि तो दर एक-दोन वर्षांनी पाहण्याची आठवण मेकॅनिक स्वतःहून करून देत नाहीत. मिक्सर अचानक थांबला तर तो उलटा करून तळाचे लाल बटन शोधावे, दहा-पंधरा मिनिटे थांबून ते दाबावे. सावजी मसाल्याचा सगळा ऐवज एकाच वेळी भांड्यात कोंबल्यावर मोटरने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेली ती विश्रांती असते.

मायक्रोवेव्हचे झाकण, इन्व्हर्टरचा खोका आणि एसीचे बाहेरचे यंत्र ही तीन ठिकाणे घरच्या माणसाने उघडू नयेत. मायक्रोवेव्हमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणी वीज साठून राहू शकते.

तिसरी पायरी: कागद गोळा करणे

फोन करण्याआधी चार गोष्टी हाताशी असाव्यात: खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, आणि उपकरणाच्या मागे किंवा बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरचे मॉडेल व सिरीअल क्रमांक. बिलाची शाई दोन उन्हाळ्यांत उडून जाते, त्यामुळे घेतल्याच दिवशी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. दुसऱ्या शहरात घेतलेल्या वस्तूची वॉरंटी सहसा देशभर लागू असते, फक्त कंपनीकडे नवा पत्ता नोंदवावा लागतो.

‘कॉम्प्रेसरवर १० वर्षे वॉरंटी’ हे वाक्य नीट वाचावे. बहुतेक वेळा पहिल्या वर्षानंतर फक्त तो सुटा भाग मोफत असतो. गॅस, मजुरी, वाहतूक यांचे पैसे ग्राहकाकडून घेतले जातात आणि ती रक्कम ऐकून माणूस चकित होतो. वार्षिक देखभाल करारातही दोन प्रकार असतात. एकात सुटे भाग धरलेले असतात आणि दुसऱ्यात केवळ येणे-जाणे व साफसफाई, आणि दोन्हींना तोंडी एकच नाव वापरले जाते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारनाम्यालाच घरमालकाच्या उपकरणांची यादी जोडावी आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची हे त्यात लिहून घ्यावे. यादी नसेल तर राहायला जाताना प्रत्येक वस्तू चालू करून तिचे छोटे चित्रीकरण घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावे. सहा महिन्यांनी होणारा वाद त्या एका संदेशाने टळतो.

चौथी पायरी: कोणाला बोलवावे

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीलाच फोन करावा, कारण बाहेरच्या माणसाने स्क्रू फिरवल्याचे दिसले की कंपनी हात वर करते. क्रमांक मात्र वॉरंटी कार्डावरून, यंत्रावरच्या पट्टीवरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधल्यावर वर दिसणारे ‘कस्टमर केअर’ क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात. ते दहा रुपये ऑनलाइन भरायला किंवा एखादे ॲप मोबाइलमध्ये घ्यायला सांगतात, आणि खाते रिकामे होते. असे काही घडलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण पैसे अडवण्यासाठी पहिले काही तासच उपयोगाचे असतात.

वॉरंटी संपल्यावर मी स्थानिक मेकॅनिकच्या बाजूचा आहे. कंपनीचा माणूस पूर्ण सर्किट बोर्ड बदलायला सांगतो, तर वस्तीतला जाणता मेकॅनिक त्यावरचा एक छोटा रिले बदलून काम भागवतो. मात्र इन्व्हर्टर प्रकारचे (कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारे) एसी आणि नवे फ्रिज यांसाठी तो त्या कामाचा सराव असलेला आहे का, हे विचारावे. फ्रिजमधला आर-६०० ए हा वायू ज्वलनशील असल्याने तिथे शिकाऊ हात नकोत. असा माणूस शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे इमारतीतला चौकीदार, समोरचा इस्त्रीवाला आणि दहा वर्षे त्याच गल्लीत राहिलेल्या काकू, या तिघांना वेगवेगळे विचारणे. दोघांनी एकच नाव सांगितले की पुढे शोधू नये. सुटा भाग स्वतः आणायचा असेल तर जुना भाग सोबत नेऊन बर्डीतल्या (म्हणजे सीताबर्डीतल्या) किंवा इतवारीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत विचारावे. नावापेक्षा वस्तू दाखवली की गोंधळ होत नाही.

फोनवर ‘फ्रिज बिघडला’ एवढेच न सांगता, ‘खालचा भाग कोमट आहे, वर बर्फ आहे, व्होल्टेज २२५ दाखवते’ असे सांगावे. येण्याचे शुल्क किती, आणि काम केल्यास ते मजुरीतून वजा होते का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: मेकॅनिक दारात आल्यावर

काम चालू असताना शेजारी उभे राहण्यात अविश्वास नाही. दोन प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाचे काम अधिक नीट होते, एवढेच. दोष काय, कोणता भाग बदलायचा आणि एकूण किती पैसे होतील, हे काम सुरू करण्याआधी कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. यंत्र ‘दुकानात नेतो’ असे म्हटल्यास सिरीअल क्रमांक, तारीख आणि परत आणण्याचा दिवस लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ते घराबाहेर जाऊ देऊ नये. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. तो आपल्या मालकीचा असतो, आणि तो मागणार हे आधी सांगितले की न बदललेल्या भागाचे पैसे लावण्याचा मोह आपोआप कमी होतो. शेवटी यंत्र किमान अर्धा तास चालवून पाहावे आणि नव्या भागावर किती दिवसांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्यावे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे शांत आवाजात सांगता येते.

सहावी पायरी: दुरुस्ती की नवी वस्तू

माझा हिशेब ढोबळ आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल आणि वस्तू दहाच्या आसपास वर्षांची झाली असेल, तर ती सोडावी. टीव्हीचा पॅनेल फुटल्यास हा विचार करण्याचीही गरज बहुधा पडत नाही. मिक्सर, कूलर, पंखा, साधी वॉशिंग मशीन यांची दुरुस्ती जवळजवळ नेहमी परवडते. दुसऱ्या बाजूला विजेचा खर्चही धरावा लागतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा ३० वॅटच्या आसपास. नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाला १५ तास फिरतो असे धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. एसी घेताना वीजबचतीच्या लेबलवरच्या ताऱ्यांसोबत त्यावरचे वर्षही वाचावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या वर्षात कमी होतात. सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या किमतीवर सूट दाखवणाऱ्या दुकानात गणित स्वतः करून पाहावे.

सातवी पायरी: ऐकून घेतले जात नसेल तर

वॉरंटीतली वस्तू दोन-तीनदा दुरुस्त होऊनही तोच दोष परत येत असेल तर फोनवरचे बोलणे थांबवून लेखी तक्रार करावी. ईमेलमध्ये प्रत्येक भेटीची तारीख, तक्रार क्रमांक आणि आपली नेमकी मागणी, म्हणजे बदलून द्यावे की पैसे परत करावेत, हे स्पष्ट असावे. त्याला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी; अनेक कंपन्या या टप्प्यावर हलतात. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत नसल्यास ३० दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे, हेही कायद्याने अनुचित ठरवले आहे.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. वस्तू दुसऱ्या शहरात किंवा ऑनलाइन घेतली असली तरी ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईत घेतलेल्या फ्रिजसाठी मुंबईला जावे लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. निकालासाठी कायद्यात तीन महिन्यांचा, आणि वस्तूची चाचणी लागल्यास पाच महिन्यांचा काळ दिला आहे, पण प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागेल हे धरून चालावे. मेमध्ये बंद पडलेल्या एसीसाठी तोवर कूलरची ताटी बदलून ठेवलेली बरी.

जुन्या वस्तूची पाठवणी

नवी वस्तू आली की जुनी दारात उभी राहते. दुकानदाराचा एक्स्चेंजचा भाव आणि कबाडीवाल्याचा भाव दोन्ही विचारून पाहावेत, पण फ्रिज आणि एसी कबाडीवाल्याकडे गेल्यास नळ्या तिथेच कापल्या जातात आणि वायू हवेत सुटतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर जुनी वस्तू परत घेण्याची सोय पाहावी किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे ती द्यावी. वस्तू उचलून नेण्यास दोन-चार दिवस लागणार असतील आणि जुना फ्रिज जिन्याखाली किंवा अंगणात ठेवावा लागणार असेल, तर आधी त्याचे दार बिजागरीतून काढून वेगळे ठेवावे. लपाछपी खेळणारे मूल आत शिरले आणि दार लागले, तर जुन्या फ्रिजचे दार आतून उघडेलच असे नाही.